अमेरिकेत पाऊस, साखर पेठेत सूत

माग चालला की त्याच्याखाली धाग्यांचे तुकडे पडतातच. मुद्दाम कोणी पाडत नाही, पण आठ दिवस झाडलं नाही की ढीग होतो. आमच्या कारखान्यातले किस्से तसेच साठले. आज थोडे झाडून काढतो!

मी मोडनिंबचा, नुकता मॅट्रिक झालेला. सोलापुरात साखर पेठेत नरसय्याशेठ यांचा बारा हातमागांचा लुगड्यांचा कारखाना होता. तिथं मला नोकरी लागली. काम काय? पत्रं लिहायची आणि रोज सकाळी इंग्रजी पेपर मराठीत वाचून दाखवायचा. शेठ घरात तेलुगू बोलत, बाजारात मराठी. मला ‘मास्तर’ म्हणत. त्यांची थोरली बहीण अक्का तरुणपणीच विधवा होऊन भावाकडे आलेली. कोपऱ्यात बसून रहाटावर सुताच्या कांड्या भरायची. अक्षर ओळखायची नाही, पण एक शब्द कानाबाहेर जाऊ द्यायची नाही.

*

पहिल्याच आठवड्यात सुताचा दलाल आला. सौदा ठरत आला होता. एवढ्यात मी वाचलं, “अमेरिकेत पाऊसपाणी उत्तम, कापूस अमाप येणार.”

शेठ ताडकन उभे राहिले. “थांबा! कापूस अमाप म्हंजे सूत उतरणार की!”

“अहो शेठ, अमेरिका कुठं, सोलापूर कुठं!” दलाल हसला.

शेठनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मला धाकधूक. माझं इंग्रजी चुकलं असेल तर नोकरी गेली! पण पंधरा दिवसांत सूत घसरलं आणि शेठनी दुप्पट माल उचलला.

तेव्हापासून तो दलाल दारातूनच विचारायचा, “मास्तर, पेपर वाचून झाला का? झाला असेल तर मी उद्या येतो!”

*

आमचा रंगारी इमामचाचा. लाल रंग काढावा तर त्यानंच! पण तो रंग यायचा जर्मनीहून, बोटीनं. एकदा तिकडच्या बंदरात संप झाला आणि बोट अडकली. चाचाकडे उरला फक्त हिरवा. लग्नसराई तोंडावर आलेली!

शेठ दिवसभर येरझाऱ्या घालत होते. शेवटी म्हणाले, “चाचा, जे हाय ते काढा. सगळी लुगडी हिरवी!”

“सगळी?” चाचाचा चेहरा पडला.

“सगळी! कोणी विचारलं तर सांगायचं, नवी फॅशन हाय.”

अक्कलकोटच्या बाजारात आम्ही हिरवा ढीग मांडला. आणि काय सांगू! बायका एकमेकींच्या हातातून ओढून घ्यायला लागल्या. दोन बाजारांत माल साफ!

महिन्यानं बोट आली. लाल रंगाचे डबे चाचासमोर ठेवले, तर लाल लुगडं कोणी मागेना. चाचा डब्यांकडे बघत म्हणाला, “मालिक, अब इस लाल का क्या करना? फिरसे हडताल करवाव!”

*

मग जपानी कापड आलं. इतकं स्वस्त की आमचे विणकर माग सोडून ते बघायला गेले आणि मान खाली घालून परतले. शेठना त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्यांनी एक तुकडा विकत आणून अक्कापुढे टाकला. “धू याला! फाटतंय का बघ!”

अक्कानं तो दगडावर आपटला, पिळला, वाळवला. परत आपटला. सगळे बघत उभे. कापडाला काही झालं नाही!

“चांगलंय की रे,” अक्का म्हणाली. शेठ मटकन खाली बसले.

अक्कानं तुकडा उलटसुलट केला. “पर याला काठ कुटाय? पदर कुटाय?”

काही मागांवर साधं कापड निघायचं, ते शेठनी तिथंच बंद केलं! बाराही मागांवर रुंद काठाची, भरल्या पदराची नऊवारी चढली. ती खपायला लागल्यावर शेठ हात जोडून म्हणाले, “जपानच्या बाया नऊवारी नेसत न्हाईत, ही देवाची किरपा!”

*

पुढं मंदी आली. जगभर आली, तशी मोहोळच्या बाजारातही आली. पीक उत्तम, पण भाव नाही. एका बाईनं आमचं लुगडं हातात घेतलं, पदरावरून हात फिरवला आणि परत ठेवलं. “लई झ्याक हाय. पर पैका कुटला? घरात ज्वारीची पोती पडल्यात, तिला कोन इचारतंय?”

शेठ म्हणाले, “आमी इचारतो की!”

मी त्यांची बाही ओढली, पण ऐकतात कुठले! संध्याकाळी लुगड्यांच्या बदल्यात तीन गाड्या ज्वारी भरून आलो. मागांच्या मधून चालायला वाट उरली नाही. विणकरांना विचारलं, मजुरीत निम्मी ज्वारी चालेल का? त्यांच्या बायका आधीच पिशव्या घेऊन दारात!

समोरचा व्यापारी ओरडला, “काय शेठ, दुकान कापडाचं का भुसाराचं?”

“दोन्ही!” शेठ इकडून ओरडले. “नेसा, न्हाईतर खावा!”

*

आणि मग सोनं! विलायतेच्या सरकारनं पौंडाची सोन्याशी असलेली गाठ सोडली आणि सोलापुरात सोन्याचा भाव चढायला लागला. रोज चढायचा! सराफ गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. जो तो मोडायला उभा. मी रेट वाचला की शेठ कोपऱ्याकडे धावायचे. “अक्का, पाटल्या मोड! आज मोड! उद्या उतरला तर?”

अक्काच्या हातात सोन्याच्या दोन पाटल्या होत्या. अंगावर तेवढंच. ती रहाट थांबवायची नाही. “सरकारनं सोनं सोडलं म्हणून मी सोडू व्हय?”

एका सोमवारी मात्र ती कोणाला न सांगता बाहेर पडली. दुपारी आली ती मोकळ्या हातांनी. मागं एक कासार आणि बांगड्यांनी भरलेली हातगाडी! काचेच्या, सगळ्या रंगांच्या.

शेठ हातगाडीला आडवे झाले. “अक्का, हे काय? आपला धंदा लुगड्यांचा!”

“गावोगावच्या बायांनी पाटल्या मोडल्या. हात मोकळे झाले का न्हाईत? उद्या मंगळवारचा बाजार हाय. लुगडं घेईल तिला डझन बांगड्या फुकट!”

मंगळवारी आमच्यापुढं जी झुंबड उडाली, तशी मी जन्मात पाहिली नाही! कासार बांगड्या भरून भरून घामाघूम. मी लुगडी काढून देता देता हैराण. अक्का लांब, गाठोड्याआड बसून घड्या मोडून देत होती. उन्हं उतरायच्या आत वर्षभर पडून राहिलेला स्टॉक संपला!

तेवढ्यात कोणीतरी सराफ गल्लीतून बातमी आणली. सोनं आणखी चढलं होतं.

शेठ हळहळले. “अक्का, दोन दिवस थांबली असतीस तर!”

अक्का रिकामं गाठोडं झटकत होती. “थांबले असते रे,” ती म्हणाली, “पर बाया आज आल्या होत्या.”