वकीलबाई नेमक्या कुणाच्या?

वकिलीत केसेस कमी मिळतात आणि संशय जास्त, हे मला लॉ कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. आता चहाला चार जण बसलो की माझेच किस्से निघतात, आणि त्यातले निम्मे तरी भिकाजीकाकांचे.

महाडच्या बाररूममध्ये पहिल्याच दिवशी एका ज्येष्ठ वकिलांनी विचारलं, "कुणाच्या तुम्ही?"

म्हटलं, "पोलादपूरच्या वरच्या वाडीतली. वडील म्हशी पाळतात."

"ते असू दे हो. वकिलीत कोण आहे?"

कोणीच नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःची बॅग जवळ ओढून घेतली!

*

भिकाजीकाका उमरठकडचे. त्यांची गुरं पाण्यावर न्यायची वाट शेजारचा परशुराम कुंपण घालून बंद करायला निघाला होता. माझी स्वतःची अशी ही पहिलीच केस. ती हातची गेली असती तर काळा कोट कपाटात ठेवून मला एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीत चिकटावं लागलं असतं. भावाने बोलूनसुद्धा ठेवलं होतं.

वकीलपत्रावर सही करण्याआधी काकांनी गावदेवीला कौल लावला. फूल उजवीकडून पडलं, म्हणजे देवीचा होकार. मी खूश, काका मात्र पेन हातात घेईनात.

"आता काय झालं काका?"

"गुरवाची बायको तुमच्या वाडीची हाय. म्हनून बाजूच्या गावच्या देवीला पन विचारून आलो."

*

कोर्टात भांडायचं आणि बाररूममध्ये एकत्र चहा प्यायचा, ही वकिलांची रीतच आहे. परशुरामच्या सावंत वकिलांबरोबर मी चहा घेताना काकांनी खिडकीतून बघितलं. "हसत व्हतात तुम्ही त्यांच्यासंगं," एवढंच बोलले.

पुढच्या तारखेला मी सावंतांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

काका म्हणाले, "आज बोलत पन नाय. म्हंजे फोनवर ठरलं."

त्या दिवशी एसटीत मला खरंच रडू आलं. घरात कुणी वकील असतं तर निदान विचारलं असतं, हे असंच असतं का म्हणून.

*

युक्तिवादाच्या दिवशी काका मागच्या बाकावर. परशुरामचं म्हणणं खोडून काढायचं म्हणून आधी ते मी वाचून दाखवत होते. तेवढ्यात मागून मोठ्याने आलं, "बगा, बाई त्याचंच सांगत्यात!"

जजसाहेबांनी चष्मा काढला. "वकीलबाई, हे तुमचेच पक्षकार ना?"

*

शेवटी मनाई हुकूम मिळाला. केस संपेपर्यंत वाट मोकळी राहणार होती. मला आनंदाने काही सुचेना. काकांनी माझ्याकडे बारीक नजरेने बघत विचारलं, "एवढ्या लवकर कसं काय झालं?" आणि ते निघून गेले.

काही दिवसांनी माझ्या भाड्याच्या खोलीच्या दारात खुद्द परशुराम उभा. मेव्हण्याशी त्याचं भलतंच भांडण चालू होतं, त्याची केस मी घ्यावी म्हणत होता.

"अहो, तुमचे सावंत वकील आहेत की."

"ते हुशार हायत. पन भिकाजी गावभर सांगतोय, जजसाहेब तुमच्या नात्यातले हायत."

"साफ खोटं आहे हे. माझं कोर्टात कुणीही नाही. साहेबांना मी बाहेर कधी पाहिलेलंसुद्धा नाही. पुन्हा असलं बोलू नका."

परशुरामने मागे वळून दार लोटून घेतलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"बराबर हाय. असंच सांगायचं. सही कुठं करू?"