भटूचा लाल बोर्ड

सुरतेजवळच्या उधन्यातला भटू पेंटर हाताचा सफाईदार, पण डोक्याचा तापट. सत्त्याण्णव साली सुरतेतला क्रिकेटचा सामना टीव्हीवर दिसणार होता आणि सीमारेषेवरचा टायर कंपनीचा बोर्ड त्यानं रंगवला होता. अमळनेरला मायला त्यानं कळवलं, "लाल बोर्ड दिसला की तो माझा." तिला वाचता येत नव्हतं.

सामन्याच्या सकाळीच कंपनीनं तो बोर्ड काढून मुंबईचा छापील लावला. तोही लालच. माय दिवसभर शेजारणींना तो कौतुकानं दाखवत राहिली.

दिवाळीला भटू घरी गेला, तरी तिचं तेच चाललेलं. कंपनीवरचा राग तिच्यावर निघाला, याचं त्याला अजून वाईट वाटतं. "तो माझा नव्हता, माय," तो खेकसला.

माय ओशाळली. म्हणाली, "मग तुझा बघायचा राहूनच गेला रे."