ओढ्याची पाळी शेवटी

"मास्तरीणबाई, तुमच्या सांगण्यावरून आमच्या बोअरचा पंप चार दिवस बंद ठेवला. आला तुमचा ओढा?"

बंगल्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी हसत होते. माझी वही त्यांनी दोन बोटांत धरली होती, ओल्या फडक्यासारखी. खुर्च्या बंगलेवाल्यांना. आम्ही चौक गावची माणसे भिंतीलगत उभी.

"नाही आला," मी म्हणाले.

"फिर? बोअरचं पाणी जमिनीतलं, ओढ्याचं वरचं. पाचवीला शिकवता ना? तेवढंच शिकवा."

वही माझ्या पायांशी पडली. सगळे हसले. आमचेही हसले. आई कुजबुजली, "गप ऱ्हा. त्यो शिकलेला हाय."

मी वाकले. वही उचलली. ते वाकणे अजून डाचते.

आमच्या विहिरीचे पाणी बायका पाण्याबाहेर उघड्या राहिलेल्या पायऱ्यांनी मोजतात. "आज सात उघड्या," असे एकीने सांगितले की दुसरी ठरवते, हंडा न्यायचा की कळशी. विहीर ओढा आणि बोअर यांच्या मधोमध आहे. शाळेत जाण्यापूर्वी मी रोज उघड्या पायऱ्या लिहीत असे. ओढ्यापुढे एकच शब्द: कोरडा.

त्या संध्याकाळी वही पुन्हा वाचली. पंप बंद होता त्या चार दिवसांत ओढा कोरडाच. पण उघड्या पायऱ्या दहावरून आठ. पाऊस नव्हता. मग दोन पायऱ्या पाणी आले कुठून?

चूक माझी होती. मी फक्त ओढ्याकडे पाहत होते. पंप आधी जमिनीतले पाणी उपसतो. जमिनीत, बोअरभोवती, पाण्याच्या पातळीत खळगा पडतो. तो पसरत ओढ्याजवळ पोहोचला की ओढ्याकडे निघालेले झरे वाटेतच वळतात. मग ओढ्याचे पाणीही खाली मुरते. याला वेळ लागतो. म्हणूनच बोअर सुरू झाली तेव्हा ओढा लगेच आटला नाही, आणि पंपावर कुणाचा संशय गेला नाही. पंप थांबल्यावरही तसेच. आधी खळगा भरतो. ओढ्याची पाळी शेवटी.

जानेवारीत पंप जळला. दुरुस्ती लांबली. उघड्या पायऱ्या पुन्हा दहाच्या आठ झाल्या, आठाच्या सहा. अकराव्या सकाळी आई ओढ्याकडून आली. ओले पाय दाखवले.

पंप पुन्हा लागला. ओढा थोडे दिवस वाहिला, मग आटला.

काल सेक्रेटरी दुसऱ्या बोअरसाठी गावाच्या सह्या मागायला आले. गावाच्या पाणी समितीत मी आहे.

"साइन करा मॅडम. घरचीच गोष्ट आहे."

"नाही करणार."

"बरं, परत चार दिवस बंद ठेवून बघू. बस?"

"चार नाही. ओढा वाहेपर्यंत."

"आमच्या टाक्या कोण भरणार?"

त्याचे उत्तर त्यांनी शोधावे. उद्यापासून आम्ही बायका पंपाच्या खोलीपुढे बसणार आहोत. जमिनीला भरायला जितके दिवस लागतील, तितके दिवस. पंप चालू करायला कुणीही आले तरी दारातून आम्ही हलणार नाही.