चाळीस पिशाच्चं आणि एक फासा

रविवारी दुपारी नागावला माझ्या घराच्या पडवीत आम्ही चौघे मित्र फाशांचा खेळ खेळतो. तिघांचा कागदावर एकेक काल्पनिक योद्धा असतो. गोष्ट सांगायची आणि शत्रू चालवायचे हे काम माझ्याकडे. त्या दिवशी मी त्यांच्यावर चाळीस पिशाच्चं सोडली आणि पस्तावलो. प्रत्येक पिशाच्चाचा वार लागतो की नाही हे ठरवायला वेगळा फासा टाकता टाकता पहिल्याच फेरीला पाऊण तास गेला.

शेवटी मी आमच्यापुरता एक नियम काढला. दहा पिशाच्चांची एक टोळी धरायची आणि टोळीसाठी एकच फासा टाकायचा.

"ही चीटिंग आहे," बँकेत नोकरी करणारा मित्र म्हणाला. त्याचा योद्धा आधीच अर्धमेला झाला होता. "दहा जणांचा नेम एकदम कसा लागेल?"

मी कागद घेऊन त्याला सरासरी समजावली. मग पुन्हा समजावली. तिसऱ्यांदा माझा आवाज चढला, तर म्हणतो, "चिडतोस कशाला?"

मासेमारीची बोट असलेला आमचा मित्र म्हणाला, "अरे, दहा जण जाळं ओढतात, पन ओढ एकच लागते ना? तसंच हाय ह्ये."

"असं होय!" बँकवाला माझ्याकडे वळला. "मग हे असं सरळ सांगायचं ना!"

मी दात आवळून फासा टाकला. सगळ्यांत मोठा आकडा पडला आणि बँकवाल्याचा योद्धा जागीच मेला. खरं सांगतो, मला जराही वाईट वाटलं नाही.