पावणेसहाची तपासणी

तुम्ही आजवर कधी रविवारी संध्याकाळी पावणेसहा वाजता, आधी फोन न करता, एखाद्या वृद्धनिवासाच्या दारात जाऊन उभे राहिला आहात का? नाही ना? मग आपल्या माणसांना आपण कुठे ठेवतो यातलं तुम्हाला काहीही कळत नाही, असं आमच्या घरमालक काकांचं मत आहे आणि ते कुणालाही तोंडावर सांगायला ते कचरत नाहीत. अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय गावाच्या आसपासची वृद्धनिवासं दोनच गोष्टींना घाबरतात, एक सरकारी तपासणी आणि दुसरे आमचे काका. त्यातली तपासणी वर्षातून एखादवेळी येते. काका दर रविवारी येतात. "मंगळवारी सकाळी अकराला सगळीच वृद्धनिवासं चांगली असतात," ते म्हणतात. "लॉबीत पियानो, ताज्या कुकीजचा वास आणि जागा दाखवणारी ती हसरी मुलगी. रविवारी संध्याकाळी ती मुलगी आपल्या घरी असते, निम्मा स्टाफ सुट्टीवर असतो आणि जेवणाची वेळ झालेली असते. तेव्हा जे दिसतं, ते खरं!"

मी त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते. सॉफ्टवेअरची नोकरी मला त्या खोलीपर्यंत घेऊन आली, आणि काकांनी ती मला देण्यापूर्वी माझीही तपासणी केली. मी नळ बंद करताना किती घट्ट पिळते, हे त्यांनी शेजारी उभं राहून पाहिलं. चौतीस वर्षं मोटारींचे सुटे भाग तपासण्यात गेलेला हा माणूस. दार आणि चौकट यांमधली फट मोजायच्या पोलादी पट्ट्यांचा जुडगा असतो, पत्त्यांसारखा उलगडणारा, तो त्यांच्या शर्टाच्या खिशात अजूनही असतो. मंगलकार्याला जातानाही असतो. वृद्धनिवासात शिरले की ते आधी न्हाणीघराच्या दाराची फट बघतात, मग भिंतीवरच्या आधाराच्या दांड्याला लटकून बघतात. ऐंशीला टेकलेला माणूस न्हाणीघरात दांड्याला लटकलेला पाहून एका ठिकाणी नर्स किंचाळली होती. काका खाली उतरले आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, मी पडलो नाही. म्हणजे दांडा चांगला आहे." एकदा त्यांनी सुपात थर्मामीटर घातला. दुसऱ्या एका ठिकाणी एका आजीबाईंच्या परवानगीनं मदतीची घंटा दाबली आणि मनगटावरचं घड्याळ लावून बसले. एकविसाव्या मिनिटाला मुलगी धावत आली. काकांनी तिला एका शब्दानं बोल लावला नाही, उलट पाण्याचा ग्लास दिला. "बत्तीस खोल्यांना ही एकटी," बाहेर आल्यावर ते म्हणाले, "आणि लॉबीत पियानो!" ते पियानोवर फार चिडून असतात.

नियम मात्र त्यांना तोंडपाठ. नर्सिंग होमला, म्हणजे इथल्या शुश्रूषेची सोय असलेल्या वृद्धनिवासाला, आज किती माणसं कामावर आहेत याचा कागद रोज सगळ्यांना दिसेल असा लावावा लागतो, सरकारी तपासणीचा अहवाल मागेल त्याला दाखवावा लागतो, हे मला त्यांनी शिकवलं. तो कागद वाचून ते थांबत नाहीत. कागदावर सात असतील तर सात माणसं मोजूनच परत येतात. कमीत कमी किती माणसं असायलाच हवीत हे ठरवणारा केंद्राचा नियम जाहीर झाला, तेव्हा त्यांनी आमच्या गल्लीत पेढे वाटले. समोरच्या गोऱ्या आजोबांना वाटलं, काकांना नात झाली. पुढे तो नियम नीट अमलात येण्याआधीच गुंडाळला गेला, आणि वाटलेले पेढे परत मागता येत नाहीत म्हणून काका चार दिवस कुणाशी बोलले नाहीत. माझं बालपण वडिलांबरोबर पत्रकं वाटण्यात गेलेलं, त्यामुळे मी मात्र गप्प बसू शकले नाही. रागाच्या भरात एक पत्रक लिहून काढलं. मथळा होता, 'वृद्धांनो, जागे व्हा!' काकांनी चष्मा चढवून ते वाचलं आणि म्हणाले, "अगं, त्यांना मुळात झोपच येत नाही. आणखी किती जागे करतेस? जागं करायचंच असेल तर त्यांच्या मुलांना कर."

या सगळ्या खटाटोपामागे काकू होत्या. काकूंची आठवण गेली काही वर्षं जागोजागी उसवत चालली होती. मला त्या कधी भाडेकरू समजायच्या, कधी भाची, कधी कापडाच्या दुकानातली मुलगी. तीनही नात्यांत जेवून जा म्हणायच्या. काकांच्या स्वतःच्या गुडघ्यांनी आणि हृदयानं नोटीस दिलेली. ते आडवे पडले तर काकूंना कोण बघणार, एवढा एकच प्रश्न होता. दूरच्या क्युपर्टिनोहून त्यांची मुलगी दर शनिवारी व्हिडिओ कॉल करायची. "बाबा, टू इयर्स झाली! जस्ट पिक वन!"

"चौदा बघितली. चौदाही रिजेक्ट."

"यू आर नॉट बाइंग अ कार, बाबा!"

"कार असती तर इतकी बघितली नसती," काका म्हणायचे, आणि पंधराव्याचा पत्ता शोधायला लागायचे.

पंधरावं पास झालं. तिथे पियानो नव्हता. रविवारी संध्याकाळी सूप गरम होतं, कागदावरची माणसं आणि प्रत्यक्षातली माणसं सारखी भरली, आणि टीना नावाची एक मदतनीस एका आजोबांना भरवताना त्यांच्याशी बेसबॉलवर भांडत होती. काकांना ते भांडण फार आवडलं. आता एकच पायरी राहिली होती. तिथली नर्स घरी येऊन काकूंना बघणार, त्यांना किती मदत लागते ते फॉर्मवर लिहिणार आणि त्यावरून त्यांची पातळी ठरणार. पहिल्या पातळीच्या माणसाची खोली झाडून मिळते, बाकीचं त्याचं त्यानं करायचं. चौथ्या पातळीला हाताला धरून सगळं. आणि प्रत्येक पातळीची फी वेगळी, कारण या देशात म्हातारपणी शर्टाचं बटण दुसऱ्यानं लावायलाही दर आहे. (यावरही माझं एक पत्रक आहे.)

नर्स शनिवारी दहाला येणार होती. मी साडेनऊला खाली आले आणि पाहते तर काय, काकूंना नारायणपेठी नेसवलेली, अंबाड्यात जाईची खोटी वेणी, बाहेरच्या खोलीत नवा पडदा आणि स्वयंपाकघरात काका पोह्यांवर खोबरं भुरभुरवताहेत! घरात मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम होता जणू. नर्स आली, बसली, पोहे घेतले. तिनं विचारलं, कपडे स्वतः घालतात का? "शी इज ऑलवेज वेल ड्रेस्ड," काका म्हणाले. हे खोटं नव्हतं. फक्त त्या साडीच्या निऱ्या सकाळी सातपासून त्यांनीच घातल्या होत्या. स्वयंपाक? "हर पुरणपोळी इज फेमस इन होल ट्रॉय." हेही खरंच, पण शेवटची पुरणपोळी होऊन सहा वर्षं झालेली. जेवणात काही त्रास? "शी नेव्हर ट्रबल्स एनीबडी." तेवढ्यात काकूंनी स्वतः नर्सच्या बशीत आणखी एक चमचा पोहे वाढले आणि गोड हसून इंग्रजीत म्हणाल्या, "यू आर टू थिन." नर्स विरघळलीच. काकांनी शेवटच्या पानावर सही केली. संध्याकाळी फोन आला, पातळी पहिली. काकांनी लगेच मुलीला फोन लावला. "पहिल्या झटक्यात पसंत केलं तुझ्या आईला!"

"बाबा, दॅट्स नॉट द पॉइंट," ती म्हणाली. पण आनंदाच्या भरात त्यांना ते ऐकूच गेलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. मीही दोन बशा पोहे खाल्ले होते.

काकू तिकडे राहायला गेल्या. आठवडाभर त्यांना रुळू द्या, मग भेटायला या, असं तिथल्या लोकांनी सांगितलं होतं. काकांनी दोन दिवस कळ काढली आणि तिसऱ्या दिवशी पावणेसहाला, न सांगता, माझ्यासह दारात उभे राहिले. जेवणघरात काकू नव्हत्या. आम्ही खोलीत गेलो. सकाळचाच गाऊन अंगावर, केस विंचरलेले नाहीत, आणि काकू पलंगाच्या कडेला नीट हात जुळवून बसलेल्या, पाहुण्यांच्या घरी बसतात तशा. "जेवायला कधी वाढतात हो इथे?" त्यांनी विचारलं. सकाळचा नाश्ता कसाबसा झाला होता, दुपारी त्या जेवणघरात गेल्याच नव्हत्या, आणि आणायला कुणी आलं नव्हतं, कारण त्यांच्या कागदावर लिहिलं होतं, 'स्वतः येतात.'

काका तडक ऑफिसात गेले. मी मागोमाग, तोंडात एक अख्खं पत्रक तयार ठेवून. मॅनेजरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि फॉर्म समोर ठेवला. प्रत्येक उत्तर काकांचं. खाली सही काकांची.

काकूंना जेवू घालून आम्ही परतलो. गॅरेजमध्ये गाडी थांबल्यावरही काका सीटचा पट्टा न काढता बसून राहिले. मी म्हटलं, "काका, चूक त्यांची आहे! तीन दिवसांत एकालाही दिसू नये? फॉर्म विचारून भरला, बघून नाही. नुसतं एक बटण लावायला सांगितलं असतं तरी कळलं असतं!"

"बरोबर आहे. लिही तू ते." मग खिशातल्या पट्ट्यांचा जुडगा काढून त्यांनी तो उगीचच उलगडला आणि मिटला. "पण माझंही लिही. चौतीस वर्षांत एक सदोष भाग माझ्या सहीनं पुढे गेला नाही. आणि हिच्या वेळी मी... अगं, कशी म्हणणार परक्या बाईसमोर, की माझ्या बायकोला काही येत नाही?"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी फेरतपासणी मागितली. ती मागता येते, हेही त्यांना तोंडपाठ होतं. तोवर टीना आपल्या कामाबाहेर जाऊन काकूंना जेवायला आणत राहिली. या वेळी पोहे नव्हते, नारायणपेठी नव्हती. काकूंच्या खोलीत तीच नर्स फॉर्म घेऊन बसली आणि काका काकूंचा हात हातात धरून एकेक उत्तर देऊ लागले. कपडे? नाही, मी घालतो. आंघोळ? नाही. जेवणाची वेळ कळत नाही. जेवल्याचं लक्षात राहत नाही. दुपारी चारला आईकडे जायचं म्हणून दाराशी उभी राहते. दर 'नाही'ला त्यांचा आवाज एकेक पायरी खाली उतरत होता. चौतीस वर्षांच्या अनुभवी तपासनिसाला मी असं कधी पाहिलं नव्हतं. काकूंना त्यातलं किती कळत होतं कोण जाणे, पण समोरचा माणूस काहीतरी चुकल्यासारखा बोलतोय एवढं कळलं असावं. त्यांनी दुसऱ्या हातानं काकांचा हात थोपटला आणि म्हणाल्या, "असू द्या हो. होतं असं कधीकधी."

पातळी तिसरी निघाली. फी वाढली, मुलीनं आणि काकांनी ती वाटून घेतली. आता सकाळी टीना येते, काकूंचे केस विंचरते, आणि दोघी एकमेकींना न कळणाऱ्या भाषांत गप्पा मारतात. काकांनी मॅनेजरबाईंच्या मागे लागून नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात रोज तिन्ही वेळा कुणीतरी समक्ष बघायचं, अशी पद्धत सुरू करून घेतली. मॅनेजरबाई आता त्यांना दुरून पाहिलं तरी उठून उभ्या राहतात. धाकानं की प्रेमानं, ते मी विचारलेलं नाही.

काका अजूनही पावणेसहाला जातात, पण रविवारीच नाही, रोज. सूप बोटानं बघतात, कागद वाचतात, माणसं मोजतात, मग काकूंच्या समोरच्या खुर्चीत बसतात. परवा मी बरोबर होते. काकूंनी त्यांच्या खिशातल्या पट्ट्यांकडे पाहून अदबीनं विचारलं, "तुम्ही इथे तपासायला येता का?"

"हो."

"मग? सगळं ठीक आहे ना?"

काकांनी त्यांच्या गाऊनचं वरचं बटण पाहिलं, विंचरलेले केस पाहिले, रिकामी झालेली वाटी पाहिली. "पास," ते म्हणाले. काकू अशा खूश झाल्या की त्यांनी आपल्या ताटातला अर्धा पाव त्यांना काढून दिला.

म्हणून या वेळी मी पत्रक लिहीत नाही, एक विनंती करते. येत्या रविवारी, तुमच्या ओळखीचं कुणी जिथे असेल तिथे, पावणेसहाला जा. कागदावरची माणसं मोजा. आणि तुमच्या घरी कधी कुणी फॉर्म घेऊन आलं, तर चहा द्या, पोहेही द्या. पण तुमच्या माणसाचं कौतुक तो फॉर्म भरून झाल्यावर करा. आधी त्याचा हात हातात घ्या, आणि खरं सांगा.