बिनदोषाचा बोकड

कसं सांगू तुम्हाला? आमच्या किन्हीराजा गावात माझ्याएवढा विजय कोणी मिळवला नाही आणि माझ्याएवढा गाढवपणाही कोणी केला नाही. दोन्ही एकाच दुपारी. चहा घ्या, सांगतो.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. गावात सातवी पास झालेला मी एकटा. कोणाची चिठ्ठी आली की मी वाचायची, कोणाचा अर्ज असला की मी लिहायचा. त्यामुळे मान जरा ताठ असायची, ते नाकारत नाही.

आषाढात गावाच्या शिवेवर मरीआईला बोकड कापायचा आणि पळसाच्या पानावर घरोघरी वाटा पोचवायचा, ही आमची जुनी चाल. आमच्या घरी मटण वर्षातून तेवढंच. मी तर ज्येष्ठापासूनच दिवस मोजायचो.

त्या वर्षी मालेगावकडून हरिबुवा आले आणि पारावर पोथी सांगायला बसले. आठ दिवसांत निम्मं गाव पालटलं. म्हणे जीवहत्या नको, बोकडाऐवजी कोहळा कापा. कोहळा! आता तुम्हीच सांगा, कोहळ्याचा रस्सा कोणी ओरपतो का?

म्हटलं, विद्या आता नाही तर कधी कामाला येणार? वाशीमला एका वकिलाकडे जुनी शास्त्राची पोथी होती, मराठी अर्थासकट. बैलगाडी जुंपून गेलो. तिथे स्वच्छ लिहिलेलं, मांस खाण्यात दोष नाही. तेवढी ओळ उतरवून घेतली आणि उठलो. पुढचं कोण वाचतो? पाहिजे ते मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं गाव पारावर जमवलं.

"बुवा, शास्त्र मोठं का तुमी मोठे?" मी सुरुवातच अशी केली.

"शास्त्र मोठं, बापा."

"मंग आयका."

ओळ वाचली. यज्ञ सांगितला, श्राद्ध सांगितलं, ऋषींच्या घरी पाहुण्याला काय वाढत तेही सांगितलं. अर्धा तास मी तोंड मिटलं नाही. बोकड कापून वाटे घालायचं काम माझ्या चुलतभावाकडे, सुदामाकडे असायचं. तो समोर बसून आनंदाने डोळे पुसत होता.

बुवा शांतपणे म्हणाले, "बराबर हाय. दोष नाई."

जिंकलो की हो! छाती अशी फुगली की सदऱ्याची गुंडी ताणली गेली.

"पन त्याच श्लोकाची फुडची ओळ नाई वाचली का तुमी? खाल्लं तं दोष नाई, पन सोडलं तं लय मोठं फळ हाय."

मग पाटलांनी खाकरून निवाडा केला, "दोष नाई, तं गाव खाईन. न् फळ मोठं हाय, तं थे गावातल्या शायन्या मानसानं घ्यावं. याच्याएवढं शिकेल दुसरं कोन हाय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. बुवांनी स्वतःच्या गळ्यातली तुळशीची माळ काढली.

खरं तर तेव्हाच पळायला हवं होतं. पण माझ्या कानात 'शायन्या मानसानं' एवढंच शिरलेलं. हरलेला बुवा आपली माळ माझ्या गळ्यात घालतोय, याहून मोठा मान कोणता? मी मान पुढे केली. नुसती केली नाही, चांगली वाकवली.

मंगळवारी बोकड कापला गेला. सुदाम वाटा घेऊन दारात आला आणि पान माझ्या बायकोच्या, गोदाच्या हातात दिलं.

"वयनी, हा तुमचा न् लेकराईचा. दादाचा नाई काढला."

"काहून रे?" मी विचारलं.

"तुमाले फळ हाय न, दादा."

मी आशेने गोदाकडे पाहिलं. ती म्हणाली, "माळ तुमच्या गळ्यात हाय, माया गळ्यात नाई." आणि अंगणात वेगळी चूल मांडून रस्सा रटरटत ठेवला. मी ओसरीवर बसून तोंडाला सुटलेलं पाणी गिळत राहिलो. खरं सांगतो, तेव्हा रडू यायचंच बाकी होतं.

तेवढ्यात तिने हाक मारली.

"निवद दाखवाच्या आंधी चाखता येत नाई. तुमी एवढं शास्त्र शिकेल हा, जरा वासावरून मीठ सांगा बरं."

मी गेलो. वाकून वास घेतला, पुन्हा घेतला, तिसऱ्यांदाही घेतला. म्हटलं, "चिमूटभर कमी हाय."

जेवताना सगळ्यांनी कबूल केलं, असा रस्सा आमच्या घरात आजवर झाला नव्हता. मी पिठलं खात होतो, पण मान ताठ ठेवून.