भिंग बरोबर होतं!

भिंग बरोबर होतं, हे मी आधीच सांगून टाकतो. सासुरवाडीला कुणी काहीही सांगो, त्या भिंगात केसाइतकीही चूक नव्हती.

माझी सासुरवाडी वडूजजवळची. सासरे, म्हणजे आमचे मामा, मिल्ट्रीतून रिटायर झाले आणि शर्यतीच्या बैलांच्या नादाला लागले. त्यांचा पोपट्या नावाचा बैल म्हणजे त्या घरचा खरा जावई! त्याला दूध, अंडी, खारीक. मला कोरा चहा. (सासूबाई म्हणतात, "तुमाला शुगर हाय न्हवं?" अहो, पण दुधानं काय घोडं मारलंय?) जाऊ दे.

गेल्या साली शर्यतीत पोपट्याची जोडी आणि शेजारच्या गावची जोडी एकदमच शेवटच्या रेघेवर आल्या. पंचांनी दोन्हीकडचे मोबाईलवरचे फोटो मागितले. त्यांचा फोटो लख्ख होता. आमचा फोटो मी काढला होता. त्यात धुरळा होता आणि धुरळ्यात एक शेपूट होतं. बक्षिसाची ढाल गेली, आणि मामा वर्षभर माझ्याशी फक्त पाऊसपाण्यावर बोलले.

आता यात माझी काय चूक, तुम्हीच सांगा! भर उन्हात मोबाईलच्या काचेत दिसतं काय? मला तर फक्त माझी मिशी दिसत होती. मी शिरवळच्या कंपनीत माल तपासतो. दोष सापडला की मुळाशी जायचं, ही आमची सवय. जुन्या रिळाच्या कॅमेऱ्याला डोळा लावून बघायची खिडकी असायची, व्ह्यूफाइंडर. तोच मोबाईलला बसवायचा! साताऱ्यात भंगारवाल्याकडून दोन मोडके कॅमेरे आणले, त्यांची भिंगं काढली, औषधाच्या खोक्यात पुढं खोलगट आणि मागं फुगीर अशी बसवली, आणि ती डबी रबरानं मोबाईलच्या डोक्यावर बांधली. चकाकू नये म्हणून आतून काळा रंग लागतो. रंग घरात नव्हता. बायकोचं काजळ होतं.

"माझं काजळ कुठं गेलं?" मंगलनं विचारलं.

"चांगल्या कामाला लागलं."

"ते दिसतंयच! आवं, आरशात बघा जरा."

बघितलं. उजव्या डोळ्याभोवती काळं कडं! पुसलं तर आणखी पसरलं. शर्यतीच्या सकाळपर्यंत चार वेळा धुतलं, पण परत डबीला डोळा लावला की परत कडं.

औंदा पोपट्या फायनलला गेला. मामांनी मला रेघेच्या पलीकडं उभं केलं आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पाव्हणं, औंदा फोटू आपला पायजे. परत ढाल गेली, तर मला तोंड दावू नगा." मंगलनं तेवढ्यात माझा मोबाईल ओढून घेतला, पोपट्याबरोबर स्वतःचा एक फोटो काढला आणि परत दिला. मी त्याच्या काचेवर काळा पुठ्ठा चिकटवून टाकला. बघायचंच नाही, तर काचेनं ऊन तरी कशाला खायचं?

छकडे सुटले. मी डबीला डोळा लावला. काय ते दृश्य! अख्खं मैदान आत मावलं. (असल्या भिंगात सगळं जरा बारीक दिसतं. तो त्याचा गुण आहे. गुण!) बैल उंदराएवढे दिसत होते. म्हटलं, एवढेसे बैल फोटोत पंचांना दिसणार कसे? मी दोन पावलं पुढं सरलो.

भोंग्यावरून ओरड आली, "फोटूवाले पाव्हणं, बाजूला सरा!"

"लांब आहेत अजून!" मी ओरडलो.

"आवं, लांब कुठलं? माघारी व्हा!"

"आरं, त्येला वडा रं कुणीतरी!"

मला असा राग आला! इतक्या लांबच्या बैलांना हे गाव एवढं घाबरतं? मी मुद्दाम आणखी पुढं सरलो आणि बटण दाबून धरलं. उंदरांची मांजरं झाली, मांजरांची कुत्री झाली. मग भिंगात एक नाकपुडी आली. दुसऱ्या नाकपुडीला जागाच नव्हती.

डबी खाली घेतली, तर पोपट्या समोर! त्यानं माझं ते काजळ माखलेलं तोंड बघितलं आणि असा बुजला, की जोडीदार, छकडा, गाडीवान सगळ्यांना घेऊन थेट भेळेच्या गाड्यात! चुरमुरे मैदानभर झाले. गाडीवान चुरमुऱ्यांतून उठून माझ्या नावानं शिव्या घालत होता, म्हणजे धडधाकट होता.

पंचांनी शेजारच्या गावचा झेंडा वर केला. तोच मामा गरजले, "थांबा! माज्या बैलानं आदी रेघ वलांडली, मग त्यो बुजला! पुरावा हाय माज्याकडं. पाव्हणं, दावा फोटू!"

खरं सांगतो, मला भरून आलं. वर्षभरानंतर त्या माणसानं माझ्यावर भरवसा टाकला होता. मी छाती काढून पुढं गेलो, पुठ्ठा उपटला आणि मोबाईल पंचांच्या हातात दिला.

पंचांनी पहिला फोटो बघितला. मिशी. दुसरा बघितला. मिशी. भराभर सरकवत गेले, मिशीच मिशी! शेवटच्या फोटोत मात्र अख्खा मी होतो. तोंडाचा आ, एक डोळा साधा आणि एक काजळाचा.

"ह्येच्यात बैल कंचा?" पंचांनी विचारलं.

मी मंगलवर उखडलो, "स्वतःचा फोटो काढून कॅमेरा तोंडाकडचाच ठेवलास!"

"मग पुठ्ठा काय मी लावला व्हय?" ती म्हणाली. लोक हसायला लागले. मामा पोपट्याच्या अंगावरचे चुरमुरे झाडत उभे राहिले, आणि त्यांच्याकडं बघून मला माझीच लाज वाटली.

दिवाळीला गेलो, तर गोठ्यात दावणीसमोर माझा तोच फोटो. मोठा करून, फ्रेम घालून!

"मामा, हे काय?"

"बैल ज्येला बुजतो, त्ये त्येला रोज दावायचं. भ्या मोडतं."

पोपट्या फोटोकडं बघत निवांत रवंथ करत होता. माझा ऊर भरून आला. मी पाठ थोपटायला पुढं झालो, तर गडी दावं तोडायच्या बेतात!

"फोटूतल्याला वळखतो त्यो," मामा म्हणाले. "तुमी परकं. जावा, काजळ घालून या."

काय करता! घालून आलो. पोपट्यानं माझा हात चाटला, मामा खदाखदा हसले आणि आतून माझ्यासाठी दुधाचा चहा आला.

भिंग बरोबर होतं, एवढंच माझं म्हणणं आहे. बाकी हल्ली सासुरवाडीला निघताना मंगल काजळ घालत नाही. मला पुरत नाही.